आठवं कलम

दाराची कडी दोनदा वाजली आणि दुपारचं निवांत घर दचकलं. मांडीवर डोळा लागलेली पाच वर्षांची शकू चाळवली. तिला चटईवर ठेवून कमळानं दार उघडलं. बाहेर जंगलकामावरचा मजूर लालसू उभा होता. दोन्ही पोटऱ्या फडक्यांत गुंडाळलेल्या.

"भैयाजी हायेत का?"

"ते कचेरीत गेलेत. बसा. अशा पायानं काऊन चालत आले, भाऊ?"

त्यानं मुंडाशातून कागद काढला. "हे वाचून दाखवा, बाई. जंगल राखनारा नाकेदार मले कामावरून काढून राह्यला. म्हन्ते, आग अंगावर आली तरी तू उभाच! बैल तरी पळला असता."

अक्षर कमळाचंच होतं. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी जंगलात गवताचे पट्टे जाळून जाळरेषा काढायच्या, त्याच्या सूचना साहेबांनी पाठवल्या होत्या. तिचा नवरा भैयाजी जंगलखात्याच्या रेंज कचेरीत कारकून. गावोगावच्या प्रती तीच घरी उतरवून देई. आठ कलमं एका पानात मावेनात. "शेवटलं सोडून दे," भैयाजी म्हणाले होते, "अकरा वर्सांत वारा कधी फिरला नाई." तिलाही ते बरंच वाटलं. शकूला ताप होता, हात लवकर मोकळा हवा होता.

तिनं सातही कलमं वाचली. 'हुकुमाशिवाय कोणीही रेषा सोडू नये.'

"यात पळा असं कुठी हाय?"

"नाई."

"गुरुजीनंबी असंच वाचलं. मागच्या साली मी रेष सोडली, तं हजेरीतलं नाव कापलं. यंदा हाललोच नाई." तो किंचित हसला. "मंग मी बैल नाई ना, बाई?"

कमळा आत गेली. साहेबांचा मूळ कागद फडताळात होता. तो बाहेर आला तर भैयाजींच्या नोकरीचं काय? ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग कागद घेऊन आली.

"एक कलम मी गाळलं, लालसूभाऊ." तिनं वाचलं, 'वारा फिरल्यास हुकुमाची वाट न पाहता सर्वांनी नाल्यात उतरावे.'

लालसूनं पोटरीवरच्या फडक्याकडं पाहिलं.

"नाला तं जवळच होता," तो म्हणाला. "हे लिवून द्या. नाकेदाराले दाखवीन."

तिनं दौत ओढली. त्याचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिथं तिनं आठवं कलम लिहिलं. खाली 'प्रत करताना माझ्या हातून गाळले', आणि आपलं नाव.

शकू कधीची उठून तिच्या खांद्याशी उभी होती.

"आई, मागं तं एवढी जागा होती. मंग त्यायले आधीच काऊन नाई लिवून देल्लं?"