पुलावरचा शिपाई

“बाबा, हात सावकाश पडतोय.”

“पडू दे.”

मशीनच्या खोलीत जेमतेम दोघांपुरती जागा होती. बाबा हँडल फिरवायचे, ती रिळं बदलून द्यायची. आज तिनं वाळूची बादली पायाशीच ओढून ठेवली होती. हँडलचा वेग मंदावला, की दिव्याची धग एकाच जागी लागून फिल्म पेटते, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. शेजारच्या शहरात असं झालं, तेव्हा लोक दारापर्यंतही पोचले नव्हते.

तरी सहाव्या रिळात बाबांचा हात जड व्हायचाच.

मूकपट जुन्या काळातल्या लढाईचा, एका जाडजूड कादंबरीवरून काढलेला. कादंबरी तिनं दोनदा वाचली होती. तीत सैन्य पूल ओलांडतं, पण मागे कोणी वळून बघत नाही. चित्रीकरणाला मात्र पलटणीतले खरे शिपाई नेले होते आणि त्यांत दादा होता. अंगापेक्षा मोठा गणवेश, कानांवर आलेली टोपी. पुलाच्या मध्यावर तो मागे वळतो आणि खुदकन हसतो. पुढच्याच वर्षी खरी लढाई लागली. दादा परत आला नाही. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता.

आई थिएटरची पायरी चढत नसे. ही दोघं घरी आली, की दार उघडताना एवढंच विचारायची, “हसला का गं?”

उद्या रिळं परत जाणार होती. दुपारचा हा खेळ शेवटचा.

पडद्यावर पूल आला. हँडलची कुरकुर मंदावली. दादा वळला आणि हसू इतकं रेंगाळत उमटलं, की खालून कोणीतरी ओरडलं, “ओ मशीनवाले, शिपायाला डुलकी लागली काय?”

“झोपू दे की, लढाईला जायचंय त्याला,” खालूनच दुसरा म्हणाला.

सगळं थिएटर हसलं.

“बाबा.”

बाबा झरोक्याला डोळा लावून उभे होते. खोलीत उग्र वास सुटला. दादाच्या बुटांपाशी तपकिरी डाग उमटला आणि फुगत वर सरकला. खाली खचाखच माणसं, पहिल्या रांगेत एक बाई मांडीवर मूल घेऊन बसलेली, आणि बाहेर पडायला एकच दार.

तिनं बाबांच्या हातावर हात ठेवून जोर लावला. हँडल हललं नाही.

“थांब गं. एवढं हसून होऊ दे त्याचं.”

“खाली माणसं आहेत, बाबा.”

त्यांचा हात सैल पडला. हँडल गरगरलं. दादा झपझप पूल ओलांडून धुरात शिरला आणि डागही त्याच्याबरोबर गेला.

“तूच चालव आता,” बाबा म्हणाले. ते भिंतीला टेकले. रिकामा हात अजून हवेत फिरत होता, सावकाश. उरलेली लढाई तिनं एका वेगानं पार पाडली.

घरी आईनं दार उघडलं.

“हसला का गं?”

ती काही बोलणार, तोच बाबा चपला काढता काढता म्हणाले, “हसला. आज जरा घाईत होता.”