पहिलं उत्तर

नवीन जालन्यातल्या त्या दवाखान्यात प्रांजलीचं काम फोन करायचं. कंबरेचं ऑपरेशन झालेल्या माणसाला सहा महिन्यांनी विचारायचं, दुखणं थांबलं का, चालता येतं का. बरं म्हणाला तर नावापुढं हिरवा दिवा लावायचा, दुखतंय म्हणाला तर त्याला बोलावून फुकट पुन्हा तपासायचं. या उत्तरांवरच हरिओम डॉक्टरांचं संशोधन उभं होतं. त्यावरून शिकलेल्या संगणकात नव्या पेशंटची माहिती भरली की ऑपरेशनचा गुण येईल की नाही, हे तो आधीच सांगायचा. बहुतेकांना इथंही हिरवा दिवा.

लागणारच की! आपल्याकडं डॉक्टरच्या हाताला नावं ठेवायची रीत नाही. दवाखान्यातून फोन आलाय म्हटल्यावर कण्हत पडलेलं माणूससुद्धा सावरून बसतं आणि म्हणतं, "बरं हाय."

प्रांजलीचाही त्या दिव्यावर भरवसा. म्हणून तर तिनं कारभारी नावाच्या आपल्या सख्ख्या मामांना गळ घातली. मामांनी भाचीच्या शब्दावर ऑपरेशन करून घेतलं. नंतर घरच्या फोनवर ते बरं म्हणायचे, तीही निर्धास्त होती.

मग ती परतूरला एका लग्नाला गेली. मांडवात तिला दवाखान्यातल्या जुन्या पेशंट आसराबाई दिसल्या. फोनवर त्या 'बिलकुल बरं हाय' म्हणाल्या होत्या, आणि इथं दोन सुना त्यांना काखेत हात घालून उचलत होत्या.

"मावशी, तुम्ही तर बरं म्हणाला होतात?"

"मंग काय म्हणू बाई? डॉक्टर एवढं आठवणीनं इचारून राह्यले. तोंडावर वाईट कसं बोलावं?"

पानावरून उठून प्रांजली तडक जालन्याला आली आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले. "पेशंट बरं म्हणतो म्हणजे बरं. आपण काय घरोघर जाऊन कंबरा दाबायच्या?"

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या गुळगुळीत हसण्याची तिला शिसारी आली. समोरच्या चहावर साय धरली होती, तिच्याकडंही तिला बघवेना.

"माझ्या मामांचे सहा महिने भरलेत. आत्ताच लावते," ती म्हणाली आणि फोनचा आवाज मोठा केला.

"हॅलो, दवाखान्यातून बोलतेय. कंबर कशी आहे?"

"बरं हाय."

"मामा, मी प्रांजली. आईची शपथ आहे, खरं सांगा."

मामांनी आवाज खाली आणला.

"पोरी, बसल्या जागचं उठता येईना. पाय रात्रंदिवस जळून राह्यला. तूच सांगितलं व्हतं ना ऑपरेशनचं, तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई."

प्रांजलीनं डॉक्टरांकडं पाहिलं. आता तरी मामांना तपासायला बोलवावंच लागणार होतं.

"पहिलं उत्तर धरायचं," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "नियम आहे."

मामांनी तो आवाज ओळखला.

"साहेब हायेत व्हय तिथं? न्हाई साहेब, बरं हाय. पोर उगंच काळजी करती. तुमच्या हाताला लई गुण हाय, साहेब."

"मामा!" प्रांजली ओरडली, पण फोन बंद झाला होता. तिला मामांचा राग आला, डॉक्टरांची किळस आली, आणि सगळ्यात जास्त किळस आली ती 'कंबर कशी आहे' विचारणाऱ्या आपल्याच गोड आवाजाची.

डॉक्टरांनी पुढं वाकून स्वतःच बटण दाबलं. मामांच्या नावापुढं हिरवा दिवा लागला.