लोकरीचा मोजा घातलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. अॅल्युमिनियमची, हलकी आणि स्वभावाने भित्री. हसू नका. जिच्या भरवशावर कुणी उभं असतं, तिलाच पडण्याची खरी धास्ती असते.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ब्रिटनमधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलमधून मी हमिदाबींच्या हाती आले. त्या मूळच्या खेडच्या. बसस्टॉप, दुकान, मशीद, सगळीकडे आम्ही बरोबर. मशिदीच्या दारात त्या स्वतःचे बूट काढायच्या आणि माझा रबरी पाय ओल्या फडक्याने पुसायच्या. किती बरं वाटायचं!

यंदा सून नाझनीनबरोबर त्यांचं मक्केला उमऱ्यासाठी, म्हणजे छोट्या हजसाठी, जायचं ठरलं. तिथे सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या चालायच्या असतात. फार पूर्वी तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधत एका पैगंबरांच्या पत्नी हाजराबी तिथेच धावल्या होत्या. अशा जागी रस्त्यावरची काठी कशी न्यायची, म्हणून हमिदाबींनी माझ्या पायासाठी पांढरा लोकरीचा मोजा विणला. नाझनीनने कौतुक केलं, शेजारणीने फोटो काढला. मला मात्र काळजी लागली. तिथली फरशी गुळगुळीत संगमरवरी. रबर धरून ठेवतं, लोकर घसरते. पण सांगणार कशी?

बॅगा भरल्या, गोळ्या घेतल्या. सगळी तयारी झाली, असं जो तो म्हणत होता. डोंबलाची तयारी!

निघायच्या आदल्या दिवशी हमिदाबींनी मला मोजा घालून घरातच सराव केला. सिंक म्हणजे सफा, पुढचं दार म्हणजे मरवा. मरवा यायच्या आतच मी लाकडी फ्लोअरवर सटकले. नाझनीनने धावत येऊन त्यांना सावरलं. दोघी घामाघूम झाल्या.

"अम्मी, हा मोजा तिथे घालायचा नाही. प्रॉमिस करा."

"तान्ह्यासाठी धावलेल्या आईची ती वाट," हमिदाबी हळूच म्हणाल्या. "तिथे हिचा रस्त्यावरचा पाय कसा टेकवू गं?"

नाझनीनने वाद घातला नाही. ती केमिस्टकडून नवं रबर घेऊन आली. जमिनीला न लागलेलं, तिथे पोचल्यावरच बसवायचं. हमिदाबींनी मान हलवली, पण प्रॉमिस काही केलं नाही. उलट मोजा गुपचूप पर्समध्ये टाकला. ते मी पाहिलं. विमानात माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सफावर नाझनीनने नवं रबर बसवलं. हमिदाबींनी पर्स उघडून मोजा काढला. संपलं, असं मला वाटलं. त्यांनी चकाकती फरशी पाहिली, मोजा हातात फिरवला. मग त्याच मोज्याने माझा नवा पाय पुसला आणि मोजा परत पर्समध्ये ठेवला.

"चल बाई," त्या म्हणाल्या.

शेवटच्या फेरीपर्यंत मी घट्ट धरून राहिले.

आता मी पुन्हा कार्डिफला, दाराशी उभी आहे. रोजच्या चालण्याने ते रबरही झिजत चाललंय आणि माझी धाकधूक परत सुरू झाली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची काठी असेल तर तिचं कौतुक जरूर करा. पण आधी तिला उलटी करून तिचा पाय बघा. आजच बघा. आम्हाला सांगता येत नाही.