स्टेबल शे

“स्टेबल आहेत,” आयसीयूचं दार अर्धं उघडून दिपमाला सिस्टरनं सांगितलं.

बाहेर भिंतीला टेकून बसलेल्या यशोदाबाईनं मुलाकडे पाहिलं. “काय सांगं, नवल?”

“स्टेबल शे म्हणे, माय. आबाले बरं शे आते.”

म्हातारीचा जीव भांड्यात पडला. लगेच डबा उघडला; कळण्याची भाकरी, वर ठेचा. धुळ्याच्या त्या दवाखान्यात हे रोजचंच होतं. सकाळ-संध्याकाळ दिपमाला दारात यायची, डॉक्टरांनी दिलेला शब्द बाहेर द्यायची, आणि ‘स्टेबल’ निघाला की बाहेरचे डबे उघडायचे. आता खरं तर त्या शब्दात बरं होण्याचं काही नव्हतं. माणूस काल मशीनवर होता, आज मशीनवर आहे, एवढंच. पण हे सांगणार कोण? ‘ऑब्झर्व्हेशनखाली आहेत’ म्हटलं की माणसांना वाटायचं, आत कुणीतरी डोळ्यात तेल घालून बसलंय. आणि ‘वी आर ट्राइंग अवर बेस्ट’ असं डॉक्टर स्वतः बाहेर येऊन बोलले, की लोक त्यांचे पाय धरायचे. ते बोलले म्हणजे त्यांनी हात टेकले, हे दिपमालेला ठाऊक असायचं. इंग्रजीचं हे एक बरं असतं बाई, खोटं बोलावं लागत नाही आणि खरंही सांगावं लागत नाही.

दिपमाला काही दगड नव्हती. मागे एकदा न राहवून तिनं भडगावच्या एका घरच्यांना सांगितलं होतं, “तुमच्या माणसांना बोलावून घ्या.” सगळा गोतावळा आला, रडारड झाली, आणि दोन-चार दिवसांनी त्यांची म्हातारी उठून चहा मागू लागली. नातेवाइकांनी दवाखाना डोक्यावर घेतला. तेव्हापासून डॉक्टरसाहेबांचा हुकूमच होता, सिस्टरनं फक्त डॉक्टरांनी दिलेला शब्द सांगायचा, पदरचं काही घालायचं नाही. नोकरी जाता जाता राहिली. घरी म्हातारे वडील नाना आणि शाळेत जाणाऱ्या मुली. तिनं तोंडाला कुलूप लावलं.

जेवून, हात धुऊन नवल दारापाशी आला. “ताई, मंग मी शिरपूरले जाई येऊ का? ढोरेसले पाणी पाजाले घर कोनी नही शे. सकायमा परत येस.”

दिपमालेनं त्याच्याकडे पाहिलं. आत त्याच्या बापाची, धनसिंगआबांची, लघवी पहाटेपासून जवळजवळ बंद झाली होती, बोटं गार पडत चालली होती. जाऊ नको, एवढंच सांगायचं होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही.

“डॉक्टरांना विचारा,” ती म्हणाली.

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. नवल एसटी धरायला गेला.

दुपार कलली आणि आबांचा रक्तदाब घसरत गेला. दिपमालेनं यशोदाबाईला हाताला धरून आत नेलं. म्हातारीनं पिशवीतून तापीच्या पाण्याची छोटी बाटली काढली. घरून निघतानाच कुणाला न दाखवता घेतली होती. आबांच्या तोंडात नळी, पाणी घालणार कुठे? तिनं बोट बुडवून नवऱ्याचे ओठ ओले केले.

“हाई काम नवलनं व्हतं,” ती म्हणाली.

आबा गेले. बाहेर फरशीवर बसून यशोदाबाई दिपमालेकडे बघत राहिली. रागानं नव्हे, राग असता तर सोसवला असता.

“बाई, तू त स्टेबल सांगं व्हतं.”

दिपमालेला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज नंतर कितीतरी दिवस भाकरी थापतानासुद्धा तिच्या अंगावरून उतरली नाही.

दिवाळीनंतर नानांनाच झटका आला. तोच दवाखाना, तोच आयसीयू. आत जायला दिपमालेला कुणी अडवलं नसतं, इतकी वर्षं तिचीच जागा ती. पण मॉनिटरवरचे आकडे तिला वाचता येत होते, आणि ते तिला वाचायचे नव्हते. यशोदाबाई बसली होती त्याच भिंतीला टेकून ती बसून राहिली.

दार अर्धं उघडलं. रूपा होती, दिपमालेनंच हाताखाली तयार केलेली नर्स.

“ताई,” रूपा म्हणाली. तिची नजर दिपमालेच्या खांद्यावरून पलीकडे गेली. “नाना स्टेबल आहेत.”

दिपमालेनं मान डोलावली. पुढे एक शब्द विचारला नाही. सुरतला भावाला, प्रेमराजला, फोन लावला. नानांचा एकुलता एक मुलगा तो.

“निघू का, अक्का? रातनी गाडी शे.”

तिनं आयसीयूच्या दाराकडे पाहिलं. मग तिला वाटलं, रूपा आपल्याशी कशाला खोटं बोलेल? कालच्यासारखेच आहेत म्हणजे आहेत तर खरे. तिला ते खरं वाटलं. वाटून घ्यायचंच होतं.

“घाई करू नको,” ती म्हणाली. “नाना स्टेबल शेतस. रविवारले ये.”

फोन ठेवून तिनं पिशवीत हात घातला. वरच, घरून निघताना तिनंच घातलेली, तापीच्या पाण्याची बाटली होती. ती तिनं बाजूला सारली, खालचा डबा काढून मांडीवर घेतला आणि सकाळपासूनचा पहिला घास मोडला.