प्लेटमागची जागा

“वहिनी आपल्याच आहेत,” परेश म्हणाला, आणि खरं तर तिथेच घोळ झाला.

बेसबॉलच्या सेमीफायनलसाठी नेमलेला अंपायर रास अल खैमाहून निघून वाटेत कुठेतरी ट्रॅफिकमध्ये अडकला होता. मैदान अंधार पडेपर्यंतच भाड्याने घेतलेलं. म्हणून लीगचं काम बघणारा गृहस्थ दोन्ही कॅप्टनना घेऊन सुलक्षणापुढे येऊन उभा राहिला. ती जाळीजवळ खुर्ची टाकून पाहुण्यासारखी बसली होती. शेजारी तिची मुलगी रुचा, डोकं मोबाइलमध्ये.

“मॅडम इज ओके,” ईगल्सचा कॅप्टन रोमेल म्हणाला. “ऑलवेज फेअर. शी गिव्ह्ज आऊट टू हर ओन हसबंड, नो?” बोलून गेल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. त्याने टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला.

“खलास. ठरलं मग,” रायडर्सचा कॅप्टन परेश म्हणाला, आणि रोमेलला कळू नये म्हणून मराठीत पुढचं वाक्य टाकलं, तेच ते आपल्याच असण्याचं.

“आई, यू डोन्ट हॅव टू डू धिस,” रुचा मान वर न करता म्हणाली.

“माहितीय,” म्हणत सुलक्षणा गाडीकडे गेली. अंपायरचा जाळीचा मास्क डिकीतच होता. उन्हाळ्यापासून तो तिथून कुणी काढलाच नव्हता.

सुलक्षणा अमरावतीची. तिच्या शाळेत मुलींना सॉफ्टबॉल होता म्हणून ती सॉफ्टबॉल खेळली. खो-खो असता तर खो-खो खेळली असती. लग्न होऊन दुबईला आली. नवरा रामचंद्र, त्याचं रास अल खोरला एसीच्या डक्टचं वर्कशॉप. बायकोला चेंडूफळीतलं इतकं कळतं म्हटल्यावर त्यानेही एक बेसबॉलची टीम काढली, रास अल खोर रायडर्स. जळगावकडे कॉलेजात बेसबॉल खेळलेला परेश, वेल्डिंग करणारा पेशावरचा अन्वर, आणि बाकीचे मॅचनंतरच्या बिर्याणीसाठी आलेले. स्वतः रामचंद्र कॅचर झाला, कारण त्यात पळावं लागत नाही असा त्याचा समज होता. नियम पाठ असलेली एकटी सुलक्षणाच, म्हणून ती अंपायर. घरच्याच टीमला घरचाच अंपायर म्हणून पहिल्या वर्षी कुरकुर झाली. मग तिने एका मॅचमध्ये रामचंद्रला दोनदा आऊट दिलं आणि कुरकुर कायमची थांबली.

बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे कॅचर उकिडवा बसतो आणि कॅचरच्या मागे अंपायर वाकून उभा राहतो, त्याच्या खांद्यावरून बघत. नवऱ्याची पाठ बघत संसार करणाऱ्या बायका पुष्कळ असतात. सुलक्षणाला ते आवडायचं, एवढाच फरक.

रामचंद्र कधी वळून बघायचा नाही. कॅचर अंपायरकडे वळला की अख्ख्या मैदानाला कळतं, हा निर्णय त्याला पटलेला नाही. त्याच्या मते ते असभ्य होतं. विचारायचं असलं तर तो समोर बघतच विचारायचा.

“बाहेर होता?”

“बोटभर.”

“बरं.”

आणि पुढचा बॉल यायच्या आत, त्याच आवाजात, “गॅस सांगितलास?”

“सांगितला.”

तो उन्हाळ्यात गेला. वर्कशॉपमध्येच, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. अग्नी वगैरे सगळं जबल अलीच्या स्मशानात झालं. गावाकडून फोन आले, एकदा रडून घे म्हणाले. ती सगळ्यांना हो म्हणाली. दाढ काढून आल्यावर गालाचं होतं तसं झालं होतं. गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तर दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. ती ऑफिसला जात होती, डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरी परत येत होती, रुचाचा डबा करत होती. मीठ बरोबर पडत होतं.

आता समोर परेशची पाठ होती. छातीचं पॅड मात्र रामचंद्रचंच, कारण टीमकडे दुसरं नव्हतं. पाठीवर त्याचे पट्टे फुलीसारखे येतात. उजवा पट्टा मागे कधीतरी तुटला होता आणि तिने तो निळ्या दोऱ्याने शिवला होता, काळा संपला होता म्हणून. प्रत्येक बॉलला तो निळा टाका बरोबर तिच्या नाकासमोर. सगळ्या रायडर्सनी बाहीवर आठ लिहिलं होतं, रामचंद्रचा नंबर. कप जिंकायचा आणि वर्कशॉपमधल्या साहेबांच्या फोटोपुढे ठेवायचा, असं ठरलेलं होतं. तिलाही सांगितलं होतं. ती हो म्हणाली होती.

ईगल्सचा कॅचर रोमेलच. तिसऱ्या डावात बॅटची कड घेऊन आलेला बॉल त्याच्या मनगटावर बसला. तो ओठ चावून बसून राहिला. सुलक्षणाने खिशातून छोटा ब्रश काढला, पुढे आली, मैदानाकडे पाठ केली आणि होम प्लेट झाडू लागली. प्लेट स्वच्छच होती. कॅचरला लागलं की अंपायरने प्लेट झाडत बसायचं, असा रिवाज आहे. त्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि कुणाला त्याची कीव करत बसावं लागत नाही. उलटही आहे. अंपायरला लागलं तर कॅचर उठतो आणि काही काम नसताना पिचरशी बोलायला चालत जातो. रामचंद्र जायचा. अन्वरला जाऊन विचारायचा, आज बिर्याणी कुठून मागवायची.

“थँक यू, मॅडम,” रोमेल पुटपुटला.

सहाव्या डावात तीन-तीन बरोबरी झाली. परेश तिसऱ्या बेसवर होता. अन्वरने बॉल लांब उडवला, तो झेलला गेला आणि त्याच क्षणी परेश घराकडे, म्हणजे होम प्लेटकडे, सुटला. बाहेरून फेक आली. रोमेलने बॉल धरला, परेशने अंग झोकून दिलं, धुरळा उठला. सुलक्षणाला दिसलं ते असं: आधी रोमेलचा बॉलसकट ग्लोव्ह परेशच्या गुडघ्याला लागला, मग परेशचा बूट प्लेटला.

“आऊट!”

तिचा हात वर गेला. आत काहीच हललं नाही.

“वहिनी!” परेश धुळीतूनच ओरडला. “पाय आधी लागला माझा!”

“ग्लोव्ह आधी.”

“एवढ्या धुळीत तुम्हाला दिसलं काय?”

“दिसलं.”

“वहिनी, ईगल्सवाल्यांनी काय जेवायला बोलावलंय का?” बाकावरून कुणीतरी ओरडलं, आणि दोघं-तिघं हसले.

“शी इज माय मदर! टॉक नाइसली!” जाळीपलीकडून रुचाचा आवाज आला. मोबाइल खाली गेला होता.

मग तीन जणांचे मोबाइल आले. तिन्ही व्हिडिओंत परेशच्याच पाठीआड प्लेट झाकलेली.

“साहेबांची टीम आहे ही,” परेशचा आवाज फाटला. “साहेब असते तर...”

“साहेब असते तर पँट झटकून बाकावर जाऊन बसले असते,” ती म्हणाली. “तूही बस.”

परेशने तिच्याकडे बघितलं. पँट झटकली नाही.

“ठीक आहे, मॅडम,” तो म्हणाला.

आजवर तो तिला मॅडम म्हणाला नव्हता. तिने ते ऐकलं, समजून घेतलं, आणि मास्क खाली ओढला. “यल्ला, लवकर,” असं जाळीपलीकडून मैदानाचा माणूस ओरडत होता. उजेड पिवळा व्हायला लागला होता.

सातव्या, शेवटच्या डावात आधी ईगल्सची बॅटिंग. अन्वरचा खांदा दमला होता. एक एक करत तिन्ही बेस भरले. परेश समोर बसला होता आणि प्रत्येक बॉल परत फेकताना गरजेपेक्षा जोरात फेकत होता. निळा टाका खाली-वर होत होता.

पहिले तीन बॉल बाहेर गेले. चौथा बॅटची कड घेऊन वर उसळला, परेशच्या ग्लोव्हवरून गेला आणि सुलक्षणाच्या गळ्याखाली, हाडावर बसला.

ती पडली नाही. गुडघ्यांवर हात टेकून वाकली. आधी श्वास गेला. मग दुखलं, आणि दुखतच राहिलं, हाडात, दंडात, पार जबड्यापर्यंत. उन्हाळ्यापासून इतकं स्पष्ट तिला काही लागलं नव्हतं. मास्कच्या आतून तिला जमिनीचा तुकडा दिसत होता आणि त्यावर परेशचे बूट. बूट हलले. तिला वाटलं, आता हा वळणार.

“टाइम,” परेश समोर बघतच म्हणाला.

तो उठला आणि अन्वरकडे चालत गेला. सावकाश. मैदानाच्या मधोमध दोघं उभे राहिले. सगळीकडे इतकी शांतता होती की तिला ऐकू आलं.

“बिर्याणी किधर से मंगाने का?” परेश विचारत होता.

“अभी?” अन्वर म्हणाला. मग त्याने परेशच्या खांद्यावरून प्लेटकडे बघितलं. “हां. सोचना पड़ेगा.”

ते दोघं बराच वेळ विचार करत उभे राहिले. कुणी घाई केली नाही, रोमेलनेही नाही. सुलक्षणाने मास्क काढला नाही. आत जे काही झालं ते आतच झालं. मग ती सरळ उभी राहिली.

परेश परत येऊन बसला. पाठ तिच्याकडे.

“प्ले,” ती म्हणाली.

अन्वरने पुढचा टाकला. चांगला टाकला होता. फलंदाज हललासुद्धा नाही. बॉल आत पडल्यासारखा दिसावा म्हणून परेशने ग्लोव्ह अलगद आत ओढला आणि तसाच धरून ठेवला. स्ट्राइक दिला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

“बॉल फोर.”

चार बॉल बाहेर गेले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो आणि भरलेल्या बेसवरचे सगळे एकेक पुढे सरकतात. तिसऱ्या बेसवरचा माणूस चालत घरी आला. चार-तीन. ईगल्सच्या बाकावर आरडाओरडा झाला. अजून रायडर्सची एक पाळी शिल्लक होती, पण आता उजेड किती वेळ राहील ते कुणी सांगू शकत नव्हतं.

परेशने बॉल परत फेकला नाही. ग्लोव्हमध्ये तसाच धरून तो समोर बघत राहिला.

“बाहेर होता, वहिनी?”

“बोटभर.”

परेशने बॉलवर ग्लोव्ह मिटला.

“बरं,” तो म्हणाला. पण ते नीट बाहेर पडलं नाही, आणि पाठीवरची फुली हलायला लागली.

सुलक्षणा त्याला वळसा घालून पुढे आली. मैदानाकडे पाठ केली, खिशातून ब्रश काढला आणि वाकली. खांदा ठणकत होता, म्हणून डाव्या हाताने. प्लेटवर धुळीचा कण नव्हता. ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश झाडत राहिली, आणि तिने मान वर केली नाही.