पाणीमीटरवाला, जनगणनावाला आणि इतर प्रतीकं

साहित्याच्या पेपरात मी नापास झालो. पण ते मनावर घ्यायचं कारण नाही. आपण असं धरून चालू की निकाल लागलेलाच नाही, पेपर नुकताच सुटलाय आणि आम्ही तिघं सायकल स्टँडच्या कठड्यावर बसून उत्तरं पडताळतोय.

तिघं म्हणजे डिक्शनरी, अंदाजे आणि मी. डिक्शनरी दर वर्षी पहिली येते आणि त्याबद्दल तिला जराही संकोच नाही. अंदाजे घरूनच एक पर्याय ठरवून येतो आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत त्याच्याशी एकनिष्ठ राहतो. या वेळी त्याचा 'क' होता.

ही परीक्षा सगळीकडे एकाच वेळी, एकाच पेपरावर होते आणि प्रश्नपत्रिका परत घेतात. बाहेर पडताना आपल्यापाशी उरतं ते फक्त डोक्यातलं. माझ्या डोक्यात उताऱ्याच्या पहिल्या काही ओळी होत्या, बाकी काही नाही.

'रोज संध्याकाळी माझ्या दारावर नवा माणूस येतो. काल पाणीमीटरवाला होता. आज जनगणनेचे साहेब आलेत, घरात माणसं किती विचारतायत. मी दार उघडत नाही.'

लेखकाचं नाव नव्हतं. खाली 'एका मासिकातून, संपादित' एवढंच.

जनगणनेचे साहेब मी होतो. पाणीमीटरवालाही मीच.

दादा आजारी होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या खोलीत आई आणि नर्सबाई सोडून कुणाला प्रवेश नव्हता. दादाचाच तसा हुकूम होता. मी शाळेतून आलो की आवाज बदलून दार वाजवायचो. तो उत्तर द्यायचा नाही. फक्त आतला पंखा बंद व्हायचा. पंखा जुना, खडखडणारा, त्यामुळे थांबला की बाहेर लगेच कळायचं. मला वाटायचं, आत कुणी नाही असं भासवायला करतोय. दारावर विक्रेते आले की आमचं अख्खं घर तेच करतं. आई म्हणायची, नको रे पिडूस त्याला. मी आणखी एकदा विमा एजंट झालो आणि मग तो धंदा बंद केला. पुढे थोड्याच दिवसांत दादा गेला. मी त्याला पिडत होतो का, हे विचारायचं राहून गेलं.

त्याने असं काही लिहून कुठेतरी पाठवलं होतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. परीक्षेच्या खोलीत मी त्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचत बसलो. पुढे जायला डोळेच तयार नव्हते. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, गोल रंगव बाळ, वाचतोस काय. मग घंटा झाली आणि त्यांनी माझ्या हातातून दादा काढून घेतला.

म्हणजे आता उरलेला दादा या दोघांच्या डोक्यात होता. त्यात अंदाजेने उतारा वाचलाच नव्हता, ते त्याच्या तत्त्वात बसत नाही. प्रश्न तेवढे करमणूक म्हणून वाचले होते. मी डिक्शनरीला सहज विचारल्यासारखं विचारलं, उताऱ्यात पुढे काय होतं गं. ती म्हणाली, पुढे एकाकीपणा होता. मी म्हटलं, शब्द काय होते. ती म्हणाली, शब्दांना मार्क नाहीत.

दारावर येणारी माणसं कशाचं प्रतीक आहेत, या प्रश्नाचं उत्तर तिच्या मते 'ब', मृत्यूचे दूत. मी तेव्हा आठवीत होतो. आई मृत्यूच्या दूताला आधी हातपाय धुवायला पाठवायची.

"आणि ते पंख्याचं?" तिने अंदाजेला विचारलं. "दार वाजलं की तो पंखा बंद करतो, ते का?"

मी वाचलेल्या ओळींत पंखा नव्हता. मी कठडा घट्ट धरला.

"मी क लावलं," अंदाजे म्हणाला.

"चूक. अ आहे. पंखा थांबणं म्हणजे श्वास थांबणं."

"काहीही काय. आमचे आजोबा पण करतात की. पंखा चालू असला की बाहेरचं ऐकू येत नाही माणसाला."

"असा पर्याय नव्हता."

"नसू दे. पण ऐकायलाच करतात."

मी उठून सायकलचं कुलूप काढायला गेलो. बराच वेळ काढत होतो. सायकल दुसऱ्याची होती.

डिक्शनरी मागून म्हणाली की शेवटची ओळ तर अर्धीच छापली होती, 'उद्या कोण येणार याची मी', आणि पुढे टिंबं.

दादाच्या खोलीत आई आता कपडे वाळत घालते आणि पंखा चालू ठेवून दार ओढून घेते. घरी आल्यावर मी सॅकही न उतरवता ते दार वाजवलं आणि जाड आवाजात म्हणालो, "परीक्षा मंडळातून आलोय. उताऱ्यासंदर्भात थोडी चौकशी होती."

पंखा थांबला.

वीज गेली असणार. स्वयंपाकघरात आईचा मिक्सर चालू होता, पण त्याची लाईन वेगळी असेल. मी दार उघडलं नाही.

पुढे तो न लागलेला निकाल लागला. उत्तरांवर हरकत घेता येते, म्हणून मी मंडळाला रीतसर अर्ज केला:

'महोदय, उताऱ्यातील टिंबांच्या जागी असलेला मूळ मजकूर अर्जदारास देण्यात यावा. "मृत्यूचे दूत" हा पर्याय रद्द करून त्या जागी "धाकटा भाऊ" असे छापावे. पंख्याबाबतच्या उत्तराची खात्री खुद्द लेखकाकडून करून घ्यावी. त्यासाठी सोबतच्या पत्त्यावर संध्याकाळी मंडळाचा कर्मचारी पाठवावा. दार न उघडल्यास पंखा थांबतो किंवा कसे, याची नोंद घेऊन दुसऱ्या दिवशी दुसरा कर्मचारी पाठवावा, ही नम्र विनंती.'