घरचीच सवाष्ण

विनिपेगला जाऊन सात वर्षं झाली, तरी कोणी विचारलं की कौसल्या "आमचं घर सक्करदऱ्याला" असंच सांगायची. विचारणारा कॅनडाचा असो की पंजाबचा, नागपुरातला सक्करदरा कुठं आला हे त्या बापड्याला कळायची काही सोय नव्हती. पण सांगून तिला बरं वाटायचं. बर्फात पाय रुतवत बसथांब्यावर उभं राहायचं, दिवसभर कारखान्यात जाड कोटांना चेन शिवायच्या, शनिवारी कपड्यांचं गाठोडं घेऊन धुलाईच्या दुकानात मशीनसमोर बसायचं. नागपूरच्या कॉलेजातून बी. ए. झालेल्या बाईनं हे सगळं कशाच्या जोरावर करावं? तर सक्करदऱ्याला आपलं घर आहे, आणि त्या घराची आपण थोरली सून आहोत, या जोरावर.

जाताना सासूनं स्टेशनवर सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "ज्येष्ठा तुही हाय वं कौसल्या. जव्हा येशीन तव्हा तूच उचलशीन."

ज्येष्ठा म्हणजे महालक्ष्म्यांतली थोरली. त्या घरी भाद्रपदात दोन पितळी मुखवटे बसायचे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. थोरल्या सुनेनं ज्येष्ठा उचलून उंबऱ्यातून आत आणायची, धाकटीनं कनिष्ठा. दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या, आंबील, कथली. सगळं घरच्या सुनांनी रांधायचं. आणि एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालायचं. सवाष्ण मात्र बाहेरची लागते. ती त्या दिवसापुरती देवी. तिनं हात धुवायचे, जेवायचं, ओटी घ्यायची आणि आपल्या घरी जायचं.

विनिपेगलाही कौसल्येनं महालक्ष्म्या सोडल्या नाहीत. स्टीलचे दोन मोठे डबे उपडे घालायचे, त्यांना हळद फासायची, काजळानं डोळे काढायचे आणि भोवती साड्या गुंडाळायच्या. सोळा भाज्या भरायच्या म्हणजे तिथं भलतीच कसरत. गोठवलेल्या मिश्र भाज्यांच्या पाकिटातून मटार, गाजर, मका निघे. उरलेल्या ती बटाट्याचे नाना प्रकार करून भरून काढायची. देवी समजून घेते, अशी तिची समजूत होती. देवी घेतही असेल. सासूचं काय ते पुढं कळलं.

त्या वर्षी तिकिटं निघाली. नवरा मार्तंड, ती आणि पाच वर्षांची अलका, असे तिघं महालक्ष्म्यांना नागपूरला आले. कौसल्येनं पेटीत तळाशी दोन जरीच्या साड्या ठेवल्या होत्या, एकेका देवीला एक. विमानात तिनं डोळे मिटून कितीदा तरी ज्येष्ठा उचलली असेल.

पण माणसाची अक्कल कुठं कशी गहाण पडते पाहा. घरी संडास अंगणाच्या टोकाला, तोही उकिडवं बसायचा. अलका तिथं जाईना, रडून गोंधळ घाली. तिसऱ्या दिवशी तिला हगवण लागली, ताप आला. मार्तंडचा एक वर्गमित्र धरमपेठेत राहायचा. त्याच्या बंगल्यात खुर्चीसारखं बसायचा संडास होता, कूलर होता, उकळलेलं पाणी होतं. मार्तंड म्हणाला, "रात्री तिकडे झोपू, दिवसा इकडे येऊ. त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं, हे कौसल्येलाही वाटलं. तापलेलं पोर कडेवर असताना कोणत्या आईला दुसरं काही वाटेल? तिनं बॅगा भरल्या.

सासू रुखमाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "जा बापा. तुमच्या सोयीनं राहा."

धाकटी जाऊ शामला मागून आली आणि हळूच म्हणाली, "जाऊबाई, पोरीले मी पाहीन. मऊ भात, ताक देतो. जाऊ नोका." कौसल्या हसली आणि म्हणाली, "अगं, तिला सवय नाही. आमच्याकडे असं नसतं." बोलून गेली.

महालक्ष्म्या यायच्या त्या संध्याकाळी अलकेला पुन्हा ताप चढला. डॉक्टर, औषध, मग रिक्षा मिळेना. कौसल्या नऊवारी नेसून बंगल्याच्या फाटकात उभी, आणि मार्तंड आपला म्हणतोय, "थांबतील गं, तुझ्यासाठी थांबतील." देवीचा मुहूर्त म्हणजे याला कारखान्याची बस वाटली असावी. तेही खोटंच, तिथली बससुद्धा कोणासाठी थांबत नव्हती.

ती पोचली तेव्हा अंगणात तुळशीपासून उंबऱ्यापर्यंत कुंकवाची पावलं उमटली होती आणि ती पुसट व्हायला लागली होती. आत देवी बसलेल्या. शेजारची इंदुताई घाम पुसत होती. सात वर्षं कौसल्येच्या जागी ज्येष्ठा तीच आणत होती. यंदाही तिनंच आणली.

"उशीर झाला," कौसल्या म्हणाली.

"झाला," रुखमाबाई म्हणाली. "बस."

पाच वर्षांपूर्वी सासरे वामनराव गेले, तेव्हापासून रुखमाबाई देवीला हात लावत नसे. माजघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायची. पण देवीचा सगळा कारभार त्या पाटावरूनच चालायचा. कौसल्येनं पिशवीतून साड्या काढल्या. रुखमाबाईनं बोटांनी जर चाचपली, "चांगल्या हायेत," म्हणाली आणि फळीवर ठेवून दिल्या. देवींना साड्या आधीच नेसवून झाल्या होत्या.

त्या रात्री कौसल्येनं ठरवलं, जे चुकलं ते चुकलं. उद्याचा स्वयंपाक तर आपल्या हातचा होईल. पुरण वाटीन, सोळा भाज्या चिरीन, चुलीपुढून हलणार नाही. सासू किती दिवस रागावेल? रागावते म्हणजे आपलंच समजते. असा हिशोब मांडून ती झोपली. बाई शिकलेली होती, पण साधी होती.

उजाडायच्या आत ती अलकेला मार्तंडवर सोपवून घरी आली. विहिरीवर गार पाण्यानं न्हाली, ओल्या केसांची गाठ मारली, सोवळं नेसली आणि स्वयंपाकघराच्या दारात आली. आत शामला चुलीवर डाळ शिजवत होती. इंदुताई भाज्यांचा ढीग पुढं घेऊन बसली होती. कौसल्येनं पदर खोचला.

"थांब," उंबऱ्यावरून आवाज आला. "आत नोको जाऊ."

"काहून, आई?" कॅनडात सात वर्षं न वापरलेला 'काहून' तिच्या तोंडून आपोआप आला.

"तू आज पाटावर बसशीन. सवाष्ण म्हणून."

कौसल्येला आधी नीट समजलंच नाही. ती हसली. "मी कशी बसू? मी घरची. सवाष्ण तर इंदुताई असतात ना दरवर्षी?"

"व्हय. इंदु सवाष्ण बसे आन् वरून तुही ज्येष्ठाही आणे. दोन दोन कामं करे बिचारी. आता तू आलीस तर म्या तिले तुही जागा देल्ली, तुले तिची."

"आई, उशीर झाला तो पोरीच्या तापामुळे. तुम्हाला माहीत आहे."

"तापाचं म्या काही म्हणून नाही राहिली." रुखमाबाईचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "हे गेले तव्हा मार्तंड तेराव्याले आला, एकटा. तुहे दिवस भरत आले होते, म्या समजून घेतलं. पत्रात लिहलं, पुढच्या वर्षी येतो. म्या समजून घेतलं. आता आलीस, त दुसऱ्याच्या घरी उतरली. या घरात पाव्हणेही रात्री राह्यतात वं. शामलेनं सात वर्षं ही चूल पेटवली. तू एक दिवस पुरण वाटून थोरली होशीन काय?"

यावर उत्तर होतं. उत्तरं खूप होती. बर्फ होता, कारखाना होता, हळद फासलेले डबे होते, भरल्या घरातही न निघणारं एकटेपण होतं. पण त्यातलं एकही या दारात बोलण्याजोगं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, रुखमाबाईचं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

ती ओसरीवर जाऊन बसली. आतून पाट्यावर पुरण वाटल्याचा आवाज येत होता. वेलदोड्याचा वास आला. फुलोऱ्याच्या करंज्या तळल्या गेल्या. कोणी तिला कोथिंबीर निवडायलासुद्धा दिली नाही. पाहुणीला काम सांगत नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्या बायका मात्र कौतुकानं विचारत होत्या, "फारीनची सून का वं ही? कव्हा आली? कव्हा जाशीन?" आली कधी आणि जाशील कधी, एका दमात.

दुपारी देवींना नैवेद्य दाखवला. मग ज्येष्ठेच्या समोर पाट मांडला, रांगोळी काढली. शामला तांब्या आणि परात घेऊन आली. जावेचे पाय तिनं परातीत घेतले, पाणी घातलं, पदरानं पुसले, कुंकू लावलं. खाली मान घालूनच ती कुजबुजली, "जाऊबाई, म्या काही नाही म्हटलं जी. देवाशपथ."

"मला माहीत आहे," कौसल्या म्हणाली.

मग शामलेनं वाकून तिच्या पावलांवर डोकं टेकलं. थोरल्या जावेला करतात तसा तो नमस्कार नव्हता. देवीला करतात तसा होता. कौसल्येचा हात आशीर्वादाला उठेना.

पान वाढलं. पुरणपोळीवर तुपाची धार, आंबील, कथली, सोळा भाज्या. गेली सात वर्षं ती ज्या चवीसाठी तडफडली होती ती चव पानात होती, तशीच्या तशी. ती जेवली. सवाष्णीनं पानात टाकायचं नसतं. एकेक घास गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बघणाऱ्या बायकांना वाटलं, किती भक्ती ही!

जेवण झालं. आता त्या घरची एक रीत उरली होती. सवाष्णीला उठण्याआधी सुनेनं विचारायचं, पोट भरलं का? आणि तिनं 'भरलं' म्हणायचं. तिनं नाही म्हटलं तर देवी उपाशी गेली असं धरतात. मग वर्षभर त्या घराला सुख नाही.

शामला पुढ्यात उभी राहिली. तिनं सासूकडे पाहिलं.

"विचार वं," रुखमाबाई म्हणाली.

"पोट भरलं का, जाऊबाई?"

कौसल्येनं ज्येष्ठेकडे पाहिलं. पितळेचे ते शांत डोळे तिनं दर भाद्रपदात डब्यांवर काजळानं काढले होते, आठवून आठवून. मग तिनं सासूकडे पाहिलं. रुखमाबाईनं पदर मुठीत घट्ट धरला होता. म्हातारी घाबरली होती! त्या क्षणी सगळं घर कौसल्येच्या एका शब्दावर होतं. थोरली सून म्हणून सात वर्षांत मिळाला नाही तेवढा अधिकार त्या परक्या पाटावर तिला मिळाला होता.

"भरलं," ती म्हणाली.

रुखमाबाईनं श्वास सोडला. कौसल्या सवयीनं आपलं पान उचलायला वाकली.

"राहू दे," सासू म्हणाली. आवाज पहिल्यांदा मऊ झाला होता. "सवाष्णीनं पान उचलू नाही."

इंदुताईनं ते पान उचललं. शामलेनं ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, आणि रुखमाबाईनं फळीवरून काढून दिलेली जरीची एक साडी.

पुढच्या भाद्रपदात विनिपेगला मार्तंडनंच आठवण काढली, "अगं, महालक्ष्म्या कधी?" कौसल्या मोरीशी उभी होती. कपाटावरचे दोन्ही डबे तिनं खाली घेतले होते. डोळ्यांचे पुसट डाग ती घासणीनं घासत होती. चांगले लख्ख झाल्यावर तिनं ते पुसले, एकात तांदूळ भरले, दुसऱ्यात साखर, आणि झाकणं घट्ट लावली.

"त्या सक्करदऱ्याला बसतात," ती म्हणाली. "त्यांच्या घरी."